सत्तावीस

कविता दीड मिनिटाची आणि कवीचा परिचय अकरा मिनिटांचा, हे प्रमाण आता पेडणे तालुक्यात रूढ झाले आहे. इब्रामपुरात परवा देवळाच्या मंडपात कवी जमले तेव्हा ते काटेकोरपणे पाळण्यात आले. दिवस काजूचे. गावातली कामाची माणसे बागायतीत बोंडू वेचत होती, त्यामुळे श्रोते म्हणून पुढच्या रांगेत बसले होते ते कवी, आणि मागच्या रांगेत होते तेही कवीच. फक्त त्यांचा परिचय व्हायचा होता.

परिचय कवीनेच लिहून पाठवलेला असतो, हे मंडपातल्या खांबांनाही ठाऊक आहे. तरी तो वाचला जात असताना कवीने कसे बसावे, याची एक रीत आहे. मान किंचित खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि चेहऱ्यावर असा भाव की एवढा थोर माणूस आपल्या तालुक्यात राहतो आणि आपल्याला कुणी बोलले कसे नाही! त्या दिवशीचे अध्यक्ष या बैठकीत मुरलेले. सूत्रसंचालिका बाई वाचत होत्या, ‘सरांना आजवर पंचवीस पुरस्कारांनी गौरवण्यात आले आहे.’ गुडघ्यावरचा उजवा हात जरासा उठला. दोन बोटे वर. बाईंना वाटले, पाणी हवे. त्यांनी पेला पुढे सरकवला. बोटे तशीच. मग मान खालीच ठेवून, विनयाला कुठेही धक्का न लावता, सर हळूच म्हणाले, ‘सत्तावीस.’

माइक चालू होता. सत्तावीस हा आकडा देवळाच्या शिखरावरून नदीपलीकडे गेला.

त्या आकड्याने माझी झोप उडवली आहे. सरांच्या नावावर कवितासंग्रह एकच, आणि तोही ‘प्रकाशनाच्या वाटेवर’. म्हणजे पुस्तक अजून यायचे आहे आणि पुरस्कार येऊन बसले आहेत. बारशाआधीच मुलाच्या नावाने सत्तावीस वाढदिवस साजरे व्हावेत, असा हा प्रकार. हे होते कसे, याची चौकशी केली तेव्हा कळले की कारखाना मोबाइलमध्ये, कवींच्या समूहांत आहे. सकाळी विषय येतो: ‘आई’, ‘पाऊस’, नाहीतर ‘आईच्या डोळ्यांतला पाऊस’. रात्री नऊपर्यंत चौदा ओळी पाठवायच्या. दुसऱ्या दिवशी निकाल. या निकालात पहिला नंबर येणे ही नामुष्की असते, कारण ‘प्रथम’च्या वर ‘उत्कृष्ट’ असतो आणि ‘उत्कृष्ट’च्या वर ‘सर्वोत्कृष्ट’. पहिला आलेला माणूस प्रत्यक्षात तिसरा. त्याखाली द्वितीय, तृतीय, लक्षवेधी, उत्तेजनार्थ. एकूण सात पायऱ्या, आणि कविता पाठवणारे नऊ. उरलेल्या दोघांतला एक परीक्षक, दुसरा संकलक. त्यांना वेगळे सन्मानपत्र. हात हलवत परत गेला असा माणूस मला अजून भेटलेला नाही. सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र फोनवर येते, त्यावर कवीचा हनुवटीला हात लावलेला फोटो असतो, आणि परिचयातला आकडा एकने वाढतो. बाईंना परिचय दिला तो सोमवारी, कार्यक्रम रविवारी. मधल्या आठवड्यात दोन. हिशेब चोख आहे, सरांना दोष देता येणार नाही.

बरे, हे पुरस्कार साधे नसतात. राज्यस्तरीय असतात. समूहात पेडण्याचे सात जण आणि दोडामार्गचे दोन असले की स्पर्धा आंतरराज्य होते. आता इब्रामपूर-हणखण्याहून जरा पुढे सरकले की दोडामार्ग तालुका लागतो, म्हणजे महाराष्ट्र. या न्यायाने इकडची एखादी म्हैस दाव्यातून सुटून तिकडे चरून आली, तर तिलाही आंतरराज्य म्हणावे लागेल. एका कवीची सून दुबईला असते. तिला समूहात घेतले त्या दिवशी स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. तिने एकही कविता पाठवलेली नाही. तरी तिला लक्षवेधी मिळाले.

आणखी एक जात आहे, भूगोलापासून सुरुवात करणाऱ्यांची. ‘तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या कुशीत वसलेल्या निसर्गरम्य पेडणे महालात...’ मी सावरून बसलो. पुढे 1788 साली सावंतवाडीकरांकडून हा महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. पुढे 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. आणि त्यानंतर दोन वर्षांनी कवीचा जन्म झाला. तिन्ही घटना एकाच दमात, एकाच सुरात. पोर्तुगीज कशाची वाट पाहत इतकी वर्षे थांबले होते, याचा उलगडा तेव्हा झाला. इतिहास तिथे थांबेल असे वाटले होते. पण 5 जानेवारी 2023 पासून मोपाला विमाने उतरू लागली, तेही परिचयात आले. विमानांचा आणि कवितेचा संबंध काय, तर कवीच्या घरावरून जातात.

माझ्या शेजारी गावातलेच एक आजोबा विसावा घ्यायला म्हणून टेकले होते. परिचय सहाव्या मिनिटात शिरला तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून मंचाकडे पाहिले आणि म्हणाले, ‘अरे, हो तर आमचोच!’ शेजारच्या वाड्यावरचा माणूस. लहानपणापासून पाहिलेला. परिचय ऐकत होते तोवर त्यांना तो ओळखू आला नव्हता.

हसण्यावारी नेले असते मी हे सगळे. पण अकरा मिनिटांच्या त्या कागदात, आणि नंतरच्या पंधरा कागदांत, एक ओळ कुठे नव्हती: हा माणूस वाचतो काय? जन्म होता, शिक्षण होते, नोकरीतल्या बढत्या होत्या, एकाच्या परिचयात तर गाडीही होती. गेल्या वर्षात कोणते पुस्तक हातात धरले, कुणाच्या कवितेने झोप घालवली, कुणासारखे लिहावेसे वाटले आणि जमले नाही, याचा उच्चार नाही. मंडपाच्या दाराशी एका मुलाने पुस्तकांचे टेबल मांडले होते. म्हापशाहून पिशव्या लादून, दोन बस बदलून आला होता पोरगा. मंडपात चाळीसएक साहित्यिक, सगळे सरस्वतीचे उपासक, आणि संध्याकाळपर्यंत विक्री एक पंचांग! तेही देवळाच्या पुजाऱ्याने घेतले. साहित्यिक टेबलाशी आले नाहीत असे नाही. आले, आपले पुस्तक दिसते का ते पाहिले, दिसले नाही म्हणून नाराज झाले आणि चहाकडे वळले. एकमेकांना ‘सप्रेम भेट’ मात्र भरपूर दिल्या-घेतल्या. त्या प्रतींची पाने सुटी करायला पुढच्या पावसातली वाळवीच येणार, हे देणाऱ्यालाही माहीत आणि घेणाऱ्यालाही. मातृभाषेवरचे प्रेम सोळाही परिचयांत ओसंडत होते. गोव्यातल्या खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा पटाअभावी एकेक करून बंद पडत आल्या, आणि या प्रेमिकांची नातवंडे आजोबांचे सोनेरी प्रमाणपत्र उलटे धरून पाहतात. राग येतो तो याचा. सत्तावीसचे सत्तर करा, माझे काही जात नाही. पण दुसऱ्याचे एक पुस्तक पैसे मोजून घ्या, आणि तेवढे परिचयात घाला. टाळी मी वाजवीन.

परिचय कसा आवरावा, हे या तालुक्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. बोंडवाचा रस भट्टीवर चढतो, पहिल्या वाफेचा हुर्राक, तो पुन्हा चढवला की फेणी. दर खेपेला माल कमी होतो आणि चढतो जास्त. 2009 साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाटलीवर तिची ओळख एका ओळीत भागते. अभंगकर्ते आपले नाव घालीत ते शेवटच्या ओळीत, दोन शब्दांत. आधी अभंग सोसायचा, मग नाव. आमच्या बायका पौषात मांडावर धालो म्हणतात, रात्र रात्र म्हणतात, आणि त्या गाण्यांतली ओळ कुणाची हे विचारले तर एकमेकींकडे बघून हसतात. यातल्या एकीलाही अजून उत्तेजनार्थ मिळालेले नाही.

लांबलचक आत्मपरिचय आपल्याकडे एकालाच शोभतो, तो दशावतारी दहिकाल्यातल्या राजाला. रात्री बारानंतर तो पडद्यातून येतो आणि आपण कोण, कुठले, आपले राज्य केवढे, आपल्या तलवारीचे पाणी कितीजण प्याले, हे छाती काढून सांगतो. पण त्याला संहिता नसते, जे बोलतो ते तिथल्या तिथे रचतो. परिचय हीच त्याची कविता. शिवाय सांगून झाल्यावर त्याला लढावे लागते. आणि पहाटे मुकुट उतरवून तोच राजा पेटाऱ्याला हात लावतो, तेव्हा त्याचे खरे नावही कुणी विचारत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे बंदोबस्त आहे. राजा फारच लांबला, लोक जांभया देऊ लागले, की पखवाजवाला त्याच्या तोंडाकडे न बघता थाप मारतो, पायपेटी सूर धरते, झांज सुरू होते, आणि राजाला मुकाट्याने नाचावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी आयोजकांनी शाल आणि श्रीफळ यांत काटकसर करून मंचाच्या डाव्या अंगाला एक पखवाजवाला बसवावा. त्याला एवढेच सांगून ठेवायचे की ‘आजवर’ हा शब्द कानावर आला की सुरू कर, आणि कुणी दोन बोटे वर केली तर लय दुप्पट. त्याचे मानधन मी देतो. झांजवाल्याचे अध्यक्षांनी बघावे; सत्तावीस ठिकाणांहून त्यांना काहीतरी मिळालेच असेल.