नवव्या शतकात लॅटिन ग्रंथकार कसे व्हावे: नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

फ्रँकांच्या राज्यात भावांच्या वाटणीत जमिनीचा तुकडाच हाती आला असेल आणि घोड्यावर नीट बसता येत नसेल, तर ग्रंथकार व्हा.

१. मठ गाठा. शाळा, शाई आणि ग्रंथ तिथेच आहेत. लहानपणीच जा. सम्राट शार्लमेन उशीखाली पाट्या ठेवून उतारवयात अक्षरे गिरवत असे. फारसे जमले नाही.

२. गोठा पाहून विषय निवडा. लिहायचे चर्मपत्रावर. इंग्लंडमधील जॅरो-वेअरमथच्या मठात बायबलच्या एका प्रतीला सुमारे ५०० वासरांची कातडी लागली. वजन ३४ किलोंच्या घरात. ७१६ मध्ये मठाधिपती केओलफ्रिथ ती घेऊन रोमला निघाले आणि वाटेतच वारले. पहिला ग्रंथ आटोपशीरच बरा.

३. प्रस्तावनेत लोटांगण घाला. तूरचे बिशप ग्रेगरी यांनी आपले व्याकरण कच्चे असल्याची माफी मागितली. आपल्या इतिहासग्रंथाच्या शेवटी मात्र पुढच्या बिशपांना शपथ घातली, की माझ्या लिखाणात फेरफार करू नका. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड याने स्वतःला लॅटिनचा सराव नसलेला रानटी म्हणवले आणि लगोलग सिसेरोचा दाखला दिला. नम्रता अशी, की विद्वत्ता झाकली जाता कामा नये.

४. नवे काही सुचले तर आवरा. शार्लमेनचे चरित्र लिहिताना आइनहार्डने सुएटोनियसची रोमन सम्राटांची चरित्रे समोर ठेवली. राजाच्या अंगकाठीच्या वर्णनातही जुन्या सम्राटांसाठी वापरलेले शब्द कामी आले. याला उचलेगिरी म्हणू नये, अधिकार म्हणावे.

५. एखादा वाद पदरी ठेवा. सातव्या शतकातला वैयाकरण विर्गिलियस मारो सांगतो, की ‘मी’ या सर्वनामाचे संबोधन होते का, यावर दोन पंडित चौदा दिवस आणि चौदा रात्री भांडले. तो गंभीरपणे सांगतो की थट्टा करतो, यावर आजचे पंडित भांडतात. असे लिहिता आले तर हजार वर्षांची सोय झाली.

६. वाचक ओळखा. लॅटिन न कळणाऱ्या लोकांची आशा सोडा. त्यांना कळावे म्हणून प्रवचने त्यांच्या बोलीत सांगा, असे तूरच्या धर्मसभेने ८१३ मध्येच ठरवले आहे. तुमचा खरा वाचक म्हणजे गारठलेल्या बोटांनी नक्कल करणारा मठवासी. त्याच्याशी गोड बोला. त्याला डुलकी लागली, तर तुमच्या अमर ग्रंथातली एक ओळ गेली. कंटाळा आला, तर ग्रंथच गेला.