तोफेच्या तोंडातला हत्ती

परंड्यातल्या दहा-पंधरा पोरांच्या ग्रुपचा मी ॲडमिन आहे. हे पद मला वयामुळे मिळालं, अकलेमुळे नव्हे. भाच्याने ग्रुप काढला, सगळ्यांनी मिळून पायथन शिकायचं ठरलं आणि "मामा, तुम्ही पुण्यात कंपनीत होता, तुम्हीच बघा" म्हणून किल्ल्या माझ्याकडे आल्या.

एकदा रात्री साडेअकराला एकाने एरर टाकली. इंडेंटेशनची. एका ओळीच्या सुरुवातीला टॅब, दुसरीच्या चार स्पेस. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखंच, पायथनला नाही. सकाळी उठून बघतो तर उत्तरं शून्य, मीम सतरा. त्यांतले तीन सिनेमातल्या बाबूराव गणपतराव आपटेंचे. पोराचा प्रश्न वर कुठेतरी, पंगतीबाहेर काढलेल्या चपलेसारखा, गर्दीत दिसेनासा झालेला. मी त्याला घाईत उत्तर दिलं आणि तिथल्या तिथे फर्मान काढलं: आजपासून मीम बंद, हा अभ्यासाचा ग्रुप आहे. आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते मीममध्ये मोडत नाही.

पाठबळही माझ्यामागे भक्कम होतं. आमच्याच तालुक्यात डोमगावला सीनेकाठी कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थांनी सांगावं आणि कल्याणांनी उतरवून घ्यावं असा तो दासबोध, आणि विनोद टवाळांना आवडतो हे त्यात स्पष्ट बजावलेलं. तालुक्यातूनच आलेला निकाल. अपील कुठे करणार? पण त्याच ग्रंथाचा दुसरा दशक उघडला की पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं भेटतात आणि दहाव्यात पढतमूर्खाची. वाचताना आधी शेजारी आठवतो, मग साडू, आणि पान उलटेपर्यंत आपणच सापडतो. मीम तरी याहून निराळं काय करतं? मी ग्रंथ मिटून ठेवला.

फर्मानानंतर ग्रुप शांत झाला. दोन दिवस मला आपल्या दराऱ्याचं कौतुक वाटलं. आठवडा उलटला तेव्हा ध्यानात आलं की प्रश्नसुद्धा बंद झालेत. भाच्याला विचारलं.

"कसं है मामा, आधी कुणीतरी 'एका कोलनपायी तीन तास गेले' असलं चित्र टाकायचं. मग बाकीचे म्हणायचे, माझं बी तसंच झालतं. आता कोण बोलंल? हेडमास्तरच्या खोलीत बसल्यावाणी वाटायलंय."

कॉम्प्युटरच्या या धंद्याची वंशावळच खरं तर थट्टेखोर. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क टू' या अवाढव्य यंत्राच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणायची पद्धत इंजिनिअरांत आधीपासून होती. त्यांनी तो मेलेला कीटक कामाच्या नोंदवहीत चिकटपट्टीने डकवला आणि शेजारी लिहून ठेवलं की खराखुरा बग सापडण्याची ही पहिलीच खेप. चित्र आणि खाली मजकूर! रिचर्ड डॉकिन्सने 'मीम' हा शब्द घडवला १९७६ साली, म्हणजे बारसं व्हायच्या २९ वर्षं आधीच बाळ रांगत होतं. पुढे १ एप्रिल १९९० ला कबुतरांच्या पायाला बांधून इंटरनेटचा डेटा कसा धाडावा याची रीतसर नियमावली निघाली, क्रमांक ११४९. नॉर्वेत बर्गेनच्या मंडळींनी २००१ मध्ये ती राबवूनही पाहिली: नऊ निरोप धाडले, चारांची उत्तरं आली. आमच्याकडे पावसात रेंज जाते तेव्हा हे प्रमाण मला चांगलंच वाटतं. पण असली थट्टा लिहायला खरी नियमावली तोंडपाठ लागते. आमचे सतरा मीम कुठल्याही प्रश्नाखाली चालले असते. बाबूरावला इंडेंटेशनशी काही देणंघेणं नव्हतं. माझी तक्रार एवढीच होती, आणि मी ती मांडायची सोडून दुकानच बंद केलं होतं.

रविवारी पोरांना घेऊन किल्ल्यात गेलो. मुलूख मैदान तोफ एके काळी इथे होती. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची; १६३२ मध्ये ती इथून विजापूरला नेली. तिच्या तोंडाशी जबडा वासलेला हिंस्र पशू घडवलाय आणि त्याच्या दाढांत हत्ती चिरडले जाताहेत. गोळा त्याशिवायही तितकाच लांब गेला असता. युद्धासारख्या गंभीर कामाच्या यंत्रावर ओताऱ्याने एवढी हौस का करावी? आणि १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवून घेतला. मूळ चित्र दुसऱ्याचं, मजकूर आपला. पोरांना समजवायला मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

बुरुजावर उरलेल्या एका तोफेत आत काय आहे म्हणून मी वाकून डोकं घातलं. कचरा होता, वेफरची पाकिटं. डोकं बाहेर काढताना चष्मा अडकला.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. तोफेच्या तोंडाबाहेर माझं धड, आणि खाली: 'ॲडमिन एरर शोधताना'. फर्मानाचा धडधडीत भंग. डिलीटवर बोट नेलं तेवढ्यात फोटोखाली त्या साडेअकरावाल्या पोराचा मेसेज उमटला.

"मामा, ते टॅब अन् स्पेसचं अजून एकदा सांगता का? मला त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं."