एम.ए. चालू आहे

डॉक्टरचं बी.ए. अजून व्हायचंय, एम.ए. मात्र चालू आहे. कुठल्या कॉलेजात, कुणाच्या सहीनं, कुठल्या पावतीवर, असं खोदून विचारलं की तो अशा नजरेनं बघतो की विचारणाऱ्यालाच आपलं शिक्षण कमी पडल्याची शंका यावी. 'डॉक्टर' हे नाव साताऱ्याच्या हॉस्टेलनं दिलेलं. पोरांचा हिशेब साधा होता. बी.ए. व्हायच्या आत हा स्वतःला एम.ए. म्हणवून घेतो, मग एम.ए. व्हायच्या आत आपण त्याला डॉक्टर म्हटलं तर बिघडलं कुठं? त्यानंही हरकत घेतली नाही. उलट मेसच्या वहीत तो स्वतःचं नाव तसंच लिहायला लागला.

ही जात आमच्या पट्ट्यात काही दुर्मिळ नाही. १९१९ साली कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि त्याच साली तिकडं सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. दोन टोकांना एकाच वर्षी शिकायचा नाद लागलेला हा मुलूख. पुढं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेवर गोरगरिबांची पोरं अंगमेहनत करून शिकली, साहेब झाली. डॉक्टरनं त्या योजनेतला पहिला शब्द तेवढा गाळला आणि दुसरा दोनदा घेतला.

एवढी घाई कशाची, असं कुणी विचारलं तर तो ज्ञानाची तहान वगैरे सांगतो. मला विचाराल तर खरं कारण लग्नसराई. 'थर्ड इयरला आहे' असं खरं बोलणाऱ्या पोराची आमच्याकडं धडगत नसते. पंगत बसायच्या आधीच कुणीतरी तात्या त्याला मांडवाच्या खांबाला गाठतात.

"मग पुढं काय?"

"बघू."

"बघू म्हंजे? एमपीएस्सी करतूस? पोलीस भरती? तलाठ्याची जाहिरात निघणार हाय म्हणं."

तात्यांना समद्या भरत्यांच्या तारखा पाठ असतात. डॉक्टर मात्र शांतपणे सांगतो, "एम.ए. चालू आहे, तात्या." तात्या गप्प. एम.ए.वाल्याला पुढं काय विचारायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. शिवाय झालेल्या शिक्षणाचा निकाल लोक मागतात, चालू शिक्षणाचा कोण मागणार? हे गुपित त्याला ज्या दिवशी उमगलं, त्या दिवशीच त्याचं एम.ए. सुरू झालं असावं.

पण नुसती थाप म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. त्याची व्यवस्था पक्की आहे. सोमवार ते गुरुवार सातारा, बी.ए. थ्री. गुरुवारी संध्याकाळी सातारा स्टँडवर एसटी पकडायची, कराड, पेठ नाका करत रात्री सांगली. विश्रामबागेत मामा राहतात. शुक्रवारी-शनिवारी सांगलीतल्या एका कॉलेजात एम.ए. वन, इतिहास. प्रवेश घेतलाय? नाही. फी? नाही. तो वर्गात 'बसायला' जातो. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला, त्याचाच पुढं सांगली जिल्हा झाला; ते दोन तुकडे डॉक्टरनं एसटीच्या तिकिटावर पुन्हा जोडले.

पदव्युत्तर वर्गांची हालत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे कसं खपलं ते सांगावं लागणार नाही. पटावर अठरा नावं आणि बाकावर चार माणसं. पटावर नाव असलेले हजर नसत आणि हजर असलेल्याचं पटावर नाव नव्हतं. बेरीज कशीबशी जमून जात होती. पहिला महिना सरांनी त्याला विचारलं नाही, कारण चेहरे पाठ व्हायचे होते. दुसऱ्या महिन्यात विचारायची लाज वाटली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी त्यालाच वर्गप्रतिनिधी करून टाकला. फळा पुसणं, प्रोजेक्टरची वायर शोधणं, गैरहजर मंडळींना नोट्स पोचवणं, सगळं तोच बघतो. येताना साताऱ्याहून कंदी पेढे आणतो, परत जाताना हॉस्टेलसाठी भडंग नेतो. या मालाच्या ने-आणीत त्याची दोन्हीकडची फी वळती होते.

हाल होतात ते साताऱ्याच्या सरांचे. बेल व्हायच्या आत पानिपत उरकून पोरांना सोडावं अशा बेतात ते असतात आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, पण रांके म्हणतो ते इथं लावता येईल का?" रांके सांगलीत शुक्रवारी भेटलेला असतो. एम.ए.च्या 'इतिहासलेखनशास्त्रा'त त्याच्यामागून कार आणि कॉलिंगवुड येतात आणि सोमवारी तिघंही डॉक्टरच्या तोंडून बी.ए.च्या वर्गात उतरतात. भाऊसाहेब घोड्यावरून खाली येतात, इब्राहिमखान गारदी वाट बघत उभा राहतो आणि बेल होते.

कुणी कायद्यावर बोट ठेवलंच, तर त्याच्या पिशवीत लॅमिनेट केलेला एक कागद असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचं १३ एप्रिल २०२२ चं परिपत्रक. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करता येतील. दोन्ही वर्गात बसून करायचे असतील तरी चालतील, फक्त तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक वर्गात आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन, असंही चालेल. (आयोगानं घड्याळाचा विचार केला, पेठ नाक्याचा केलेला दिसत नाही.) डॉक्टर एवढं मोठ्यानं वाचतो आणि कागद पिशवीत घालतो. एम.ए.ला बसायचं तर आधी एक पदवी हातात लागते, हा जुना नियम त्या कागदानं पुसलेला नाही, ही गोष्ट वाचनात येत नाही. एक पदवी झालेली, हौसेनं दुसऱ्या विषयात पुन्हा पदवीला बसलेला आणि शेजारी एम.ए. करणारा माणूस कायद्यात बसतो. अशी माणसंही आहेत. मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळत बी.ए. झालेली, सकाळी एका वर्गात, रविवारी दुसऱ्या केंद्रावर. पण त्यांना दोन्हीकडचे स्वाध्याय लिहायचे असतात. मांडवात उभं राहून सांगायला त्यांना सवड नसते.

कागद चालला नाही तर दाखले निघतात. कर्मवीर अण्णा मॅट्रिकसुद्धा नव्हते, तरी १९५९ साली पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली; मग मधल्या पायऱ्यांचं एवढं काय घेऊन बसलात? त्या मधल्या जागेत अण्णांनी जिल्हाभर शाळा आणि वसतिगृहं उभी केली होती, हे सांगायला गेलं की डॉक्टर म्हणतो, "तेच तर म्हणतोय, पदवी दुय्यम आहे." दुय्यम पदवी एका वेळी दोन कशाला लागतात, हे मला अजून कळलेलं नाही. मामांचा दाखला वेगळा. ते पाहुण्यांना सांगतात, "आमचा भाचा म्हंजे दुसरा श्रीकांत जिचकार." नागपूरच्या जिचकारांच्या नावावर वीस पदव्या होत्या, त्यात वैद्यकी आली, कायदाही आला. मामी आतून म्हणतात, "त्यांची पहिली तरी झाली होती न्हवं?" मामींचं शिक्षण सातवी. डॉक्टर या घरात फक्त त्यांनाच बिचकून असतो.

घरचा मामला निराळा. वडील कराड तालुक्यातले ऊसवाले. दिवाळीत डॉक्टरनं त्यांना नवं शैक्षणिक धोरण समजावून सांगितलं.

"आबा, आता चार वर्षांच्या ऑनर्सचं शेवटचं वर्ष आन् एम.ए.चं पहिलं वर्ष एकाच लेव्हलला धरलंय. ६.०. म्हंजे सरकारनंच मान्य केलं, की कॉलेजात असतानाच एम.ए.च्या पायरीवर उभं राहता येतं."

"आन् तुजं तिसरं वरीस कितव्या लेव्हलला?"

"५.५."

"मग अर्धा राहिलाय की रं." आबांनी तंबाखूची चिमूट तळहातावर मळली. "कारखान्याची पहिली उचल पदरात पडली न्हाय, आन् तू फायनल बिलाच्या पैशाची खरेदी करून बसलायस."

एवढं होऊनही त्याच आठवड्यात गावच्या चौकात फ्लेक्स लागला. डॉक्टर गॉगल घालून क्षितिजाकडं बघतोय, मागं अजिंक्यतारा, आणि खाली: 'गावचे सुपुत्र, बी.ए. तृतीय वर्षात शिकत असतानाच एम.ए. (इतिहास) सुरू केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चोवीस फोटो. त्यातल्या निम्म्यांची बारावी राहिलेली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसासाठी चौक मोकळा करावा लागला, तेव्हा आबांनी तो फ्लेक्स आणून कडब्याच्या गंजीवर घातला. गॉगल आत गेला. रस्त्यावरून 'हार्दिक अभिनंदन' तेवढं दिसायचं आणि लोकांना वाटायचं, आबांनी कडब्याचंच केलंय.

आता सांगायलाच हवं, की त्याचं बी.ए. अडलंय कशावर. इतिहासावर नव्हे, इतिहासात तो पहिला येतो. अडलंय ते पर्यावरणाच्या पेपरवर. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून पदवीला सक्तीचा झालेला हा विषय बी.ए. टूला असतो. बहुतेक पोरं आदल्या रात्री गाइड चाळून निघतात. डॉक्टरचा तो मागं राहिला, कारण त्याचा प्रकल्प द्यायचा दिवस शुक्रवार होता आणि शुक्रवारी तो सांगलीत एम.ए. करत होता. पुढच्या खेपेला प्रकल्प दिला, पण पेपरात 'घनकचरा व्यवस्थापनाचे उपाय लिहा' असं आलं. बाकीच्यांनी ओला कचरा, सुका कचरा लिहून गुण घेतले. यानं लिहिलं की कचरा अशी वस्तू मुळात नसतेच. कशाला कचरा म्हणायचं हे निवड करणारा ठरवतो, जसं कुठल्या घटनेला इतिहास म्हणायचं हे इतिहासकार ठरवतो. साडेतीन पानं. परीक्षकानंही मग निवड केली.

गंमत अशी, की हाच विषय हॉस्टेलमधल्या ज्युनिअर पोरांना तोच शिकवतो आणि फार सुंदर शिकवतो. आपत्ती व्यवस्थापन म्हटलं की गाइड मिटून ठेवायला लावतो. "सांगलीचा आयर्विन पूल डोळ्यांपुढं आणा. त्याच्यावर फुटांच्या खुणा आहेत. पंचेचाळीसला धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आता मला सांगा, महाबळेश्वरला पडलेला पाऊस, कोयनेतून सोडलेलं पाणी आणि खाली अलमट्टीचा फुगवटा, यातलं कशाकशाचं वेळापत्रक माणसाच्या हातात आहे?" पोरं वाद घालतात, एकमेकांवर धरणं सोडतात, रात्रीचे बारा वाजवतात. निकाल लागला की सगळी पास. शिकवणारा सोडून.

त्या पोरांतला एक रीतसर बी.ए. झाला, पहिल्या वर्गात, आणि परवाच्या जुलैत एम.ए. करायला सांगलीत आला. खिशात फीची पावती, पटावर नाव. पहिल्याच तासाला सरांनी त्याला खिडकीजवळचा बाक दाखवला आणि म्हणाले, "मागच्या नोट्स याच्याकडून घे. आपला जुना विद्यार्थी आहे."

खिडकीजवळ डॉक्टर बसला होता. पोराला भरून आलं.

"डॉक्टर! तुमचं एम.ए. झालं असंल की आता?"

"एम.ए. कवाच मागं पडलं," डॉक्टर म्हणाला. "पीएच.डी. चालू आहे."

"आन् पर्यावरण?"

"नोव्हेंबरला बसतोय," असं म्हणून तो प्रोजेक्टरची वायर शोधायला उठला.