काकूंची कक्षा

"मामा, बटुग्रह म्हणजे मुंज झालेला ग्रह का रे?"

भाचा दादरहून सुट्टीत गिरगावात आलेला. मी चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत होतो.

"उलट, जानवं काढून घेतलेला," मी म्हणालो. 24 ऑगस्ट 2006 रोजी प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी पिवळी कार्डं वर करून प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं. गणपती तीन दिवसांवर आले होते. गिरगावात कुणाला फुरसत!

अटी तीन. सूर्याभोवती फिरायचं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल व्हायचं आणि आपल्या कक्षेचा परिसर साफ ठेवायचा. पहिल्या दोन प्लूटोने जमवल्या. तिसरीत गचकला, त्याच्या वाटेवर बर्फाळ गोळ्यांची ही गर्दी.

"साफ म्हणजे केर काढायचा?"

"छे! आपल्या वजनावर बाकीच्यांना गिळायचं, नाहीतर हाकलायचं."

भाच्याने गॅलरी न्याहाळली. पिंपं, सायकली, कुणाचं तरी मोडकं कपाट. फक्त तीन नंबरच्या काकूंच्या दारापुढची चार फूट फरशी लख्ख मोकळी. तिथे काढलेली चप्पल संध्याकाळी जिन्याखाली सापडते.

"म्हणजे मजल्यावर ग्रह एकच!"

"हळू बोल."

आतून आईचा आवाज आला, "आमचे नऊच्या नऊ जागेवर आहेत हो! सूर्य, चंद्र, राहू, केतू धरून. तुमच्या प्लूटोची सुपारी ग्रहमखात कधी मांडलीच नव्हती."

"आई, राहू-केतू गोळेसुद्धा नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते, ते नुसते दोन बिंदू."

"बरंय की. जागा तरी अडवत नाहीत."

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. भाच्याकडे मात्र प्रश्न होता, "1979 ते 1999 प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता म्हणे. मग नेपच्यूनचा तरी परिसर कुठे साफ?"

पोरगं वकील होणार. मी सांगितलं, प्लूटोच्या वेळा नेपच्यूननेच बांधून दिल्यात. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होईपर्यंत याच्या दोन. वीस वर्षं आत घुसला, तरी दोघांची गाठ म्हणून पडत नाही.

"म्हणजे काकू झावबाच्या वाडीत रामाला गेल्या की तू इथे खुर्ची टाकतोस, तसं?"

जिन्यावर काकूंच्या चपला वाजल्या. मी खुर्ची उचलली.