पुलापलीकडे तब्येत बिघडते

आष्टीचा सगळ्यात जुना बार आष्टीत नाही. तो नदीपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात आहे, आणि तरी तो आमचाच आहे. तिथला मालक आम्हाला नावानं ओळखतो, वेटर आमच्या पोरांचे दहावीचे टक्के विचारतो आणि कूलरसमोरच्या टेबलावर वर्षानुवर्षं आमच्याच गावचे तेच चौघं बसलेले असतात. गावात हे चौघं एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. दोघांचं तर धुऱ्यावरून कोर्टात भांडण सुरू आहे.

हे सगळं मी पुण्याच्या एका पुरवणीवाल्याला फोनवर सांगत होतो. शहरातल्या पुरवण्यांना सध्या जुन्या बारांचा उमाळा आलेला आहे. गल्लीतला बार, लाकडी खुर्च्या, पिवळा दिवा, म्हातारा वेटर, आणि लेखाच्या शेवटी 'काळ इथं थांबला आहे' असं एक वाक्य. त्याला विदर्भातला एक नमुना हवा होता. "आष्टी म्हणजे बीडची ना?" हे आधी झालं. नाही बाबा, शहीदांची आष्टी, बेचाळीसची, वर्धा जिल्हा. तिकडं शांतता पसरली. "पण वर्ध्यात तर दारूबंदी आहे." आहे, १९७४ पासून. "मग लोक काय करतात?" मी म्हटलं, लोकांची तब्येत ठणठणीत आहे, ते काही करत नाहीत.

तो हसला. मी कायदा सांगत होतो.

महाराष्ट्रात कुणालाही मजा म्हणून दारू पिता येत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून हयात आहे, नदीच्या दोन्ही काठांवर आहे, आणि पलीकडच्या बारला दारू विकण्याचा परवाना मिळतो तोही त्याच दारूबंदी कायद्याखाली. पिणाऱ्यानं परमिट काढायचं. विदेशीचं एका दिवसाचं परमिट पाच रुपये, देशीचं दोन रुपये, आणि रोजची कटकट नको असेल तर जन्मभराचं हजार रुपयांत. हे परमिट द्यायचं कुणाला? ज्याला आपल्या आरोग्याच्या रक्षणासाठी आणि जतनासाठी दारूची गरज आहे, त्याला. नियमात तसं लिहून ठेवलं आहे. सोहळा, मैत्री, प्रेमभंग, कापसाचा भाव, यातलं एकही कारण सरकारला मंजूर नाही. मंजूर आहे ती फक्त तब्येत.

आता भूगोल बघा. वर्धा नदी ही जिल्ह्याची हद्द. अलीकडे आम्ही, पलीकडे अमरावती जिल्हा. राज्य एक, कायदा एक, मंत्रालयही एकच. पण अलीकडे तब्येतीसाठी दारू लागणारा माणूस सरकारला सापडत नाही आणि पलीकडे तो रोज संध्याकाळी सातपासून रांगेनं सापडतो. याचा अर्थ एकच निघतो, आजार पुलावर होतो. आष्टीचा माणूस घरून निघतो तेव्हा धडधाकट असतो. बायकोला "मोटरपंपाचं सामान पाहून येतो" हे एका दमात सांगण्याइतका त्याचा श्वास पुरतो. पुलाच्या पहिल्या खांबापर्यंत नाडी नीट चालते. मधल्या खांबाशी घशाला कोरड पडते. शेवटच्या खांबापर्यंत बिचारा इतका खालावतो की बारसमोर गाडी लावताना त्याला स्टँड सापडत नाही. एवढ्या आजारी माणसाला पाच रुपयांत बरं करणारं दुसरं सरकार जगात असेल असं वाटत नाही.

हा आजार सरकारी आदेशानं येतो आणि जातो, हे वैद्यकशास्त्रानं नीट तपासायला हवं. गडचिरोली १९९३ साली बरी झाली ती आजतागायत बरी आहे. चंद्रपूर २०१५ साली बरं झालं आणि २०२१ साली अख्खा जिल्हा एकाच फटक्यात पुन्हा आजारी पडला. मधली सहा वर्षं त्या लोकांनी आरोग्याचं रक्षण आणि जतन कशानं केलं, काढा घेतला की काय, याची नोंद कुठं नाही. वयाचंही तसंच. एकविसाव्या वर्षापर्यंत माणसाला काही होत नाही. एकविसाव्या वर्षी बिअरपुरता थोडा आजार मंजूर होतो. रम-व्हिस्कीला लागणारा खरा आजार पंचविसाव्या वर्षी. त्याच वयात त्याला आमदारकीची निवडणूकही लढवता येते, तेव्हा पंचविशीत तब्येतीचं काहीतरी होत असणार हे मान्य करायला पाहिजे.

त्या बारला वातावरण आहे, हे पुणेकराचं म्हणणं मात्र खोटं नाही. आत उजेड कमी, कारण रुग्णांना प्रखर प्रकाश सोसत नाही. टेबलांच्या मध्ये प्लायवूडच्या आडभिंती, म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याला कळू नये. काउंटरच्या वर देवाचा फोटो, त्याला लाल झिरो बल्ब, खाली उदबत्ती. मासे नसलेली माशांची टाकी. पडद्यामागे फॅमिली रूम. तिथं मी अजून फॅमिली पाहिलेली नाही, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीआधी पुढारी पाहिलेत. डोस तीस किंवा साठ मिलिलिटर, जेवणापूर्वी. वेटर पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर असावा अशी मला दाट शंका आहे, कारण मापाच्या पेल्यातून ओतताना त्याचा हात हलत नाही आणि प्रत्येकाचा पूर्वइतिहास त्याला पाठ आहे. "भाऊ, काल तुम्ही दोनवर थांबले होते, आज तिसरा कायले?" भाऊ सांगतात, संत्र्याची गळ चालू आहे. वेटर मान हलवतो आणि तिसरा आणतो. निदान झालं. शेजारच्या टेबलावर कापूस आहे, त्यापलीकडे सोयाबीन आणि पोरीचं लग्न असा जोडआजार. तिथं मालकच जातीनं लक्ष घालतो.

पण एवढ्या शिस्तीच्या ठिकाणी परमिट मात्र कुणी मागत नाही. काउंटरच्या खणात परमिटांचं पुस्तक असतं म्हणतात. महिन्याच्या शेवटी कुणीतरी बसून ते भरतं, सटासट, एकाच शाईनं. त्यात नावं कुणाची? मतदार यादीतली, लग्नपत्रिकेतली, सुचतील ती. असं असेल तर माझ्या नावानं आजवर किती आजार काढले गेले असतील कोण जाणे. आमच्या गावातल्या माळकरी म्हाताऱ्यांच्या नावांवर सोमवारी, चतुर्थीला, आषाढी एकादशीला तब्येत बिघडल्याच्या पावत्या फाटल्या असतील. उद्या एखाद्या संशोधकानं ही पुस्तकं काढून तालुक्याच्या आरोग्याचा प्रबंध लिहिला, तर आष्टी हे विदर्भातलं सर्वांत दुखणाईत गाव ठरेल आणि आपल्याला एखादी योजना मिळून जाईल. आमच्या एका दाजींनी हजार रुपये भरून जन्मभराचं परमिट काढलं आहे. ते त्यांनी लॅमिनेट करून पाकिटात ठेवलंय. अलीकडच्या काठावर त्याचा उपयोग शून्य. पण पुलावर अंगात कणकण आली की ते खिशावर हात ठेवतात आणि त्यांना धीर येतो.

जेवण उत्तम. पाटवडीचा रस्सा, त्यावर बोटभर तर्री, भाकर, कांदा. मटण सांगायचं असेल तर आल्याआल्या सांगावं, नऊनंतर नुसता रस्सा उरतो.

खरी अडचण परतताना. माणूस पुलावर आला की प्रश्न पडतो, पोटातली दारू कोणत्या जिल्ह्याची? बाटली खिशात असली तर गुन्हा, ते सरळ आहे. पण तीच दारू अमरावती जिल्ह्यात रीतसर औषध म्हणून घेतली आणि पुलाच्या मधल्या खांबावर तिचं रूपांतर मुद्देमालात झालं, तर पंचनामा कशाचा करायचा? आणि मधल्या खांबावर हा माणूस पुन्हा धडधाकट होतो ना? मग त्याला बरं करणारं औषध अजून त्याच्या रक्तात काय करतंय? रक्ताचाही नियम आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवायची नाही. छान नियम आहे. पण शहरातल्या गल्लीतल्या बारमधून निघालेला माणूस भिंत धरत, कुत्र्यांशी बोलत चालत घरी जातो. फार तर गटारात पडतो आणि सकाळी उठतो. आमच्या माणसाला तुम्ही १९७४ पासून नदीपलीकडे पाठवता. रात्री एसटी नाही, रिक्षा नाही, रस्त्यावर दिवा नाही, समोरून संत्र्याचे ट्रक आणि हा मोटरसायकलवर, मागं तितकाच बरा झालेला मित्र. दारू सुटावी म्हणून काढलेल्या कायद्यानं याला पिऊन गाडी चालवायची सक्ती केली, हे एकाही अहवालात कुणी लिहिणार नाही. अहवालात 'वाहनावरील ताबा सुटला' एवढंच येतं. ताबा आधीच सुटला होता, मंत्रालयात, फाईल लिहिताना. आणि ज्याच्याकडे मोटरसायकलच नाही त्याचं काय? त्याच्यासाठी नदी ओलांडून माल येतो, पव्व्याला दुप्पट भाव लावून. तोही परवडत नसेल तर नाल्याकाठी मोहाचा सडवा आहे, त्यात नवसागर, त्यात युरिया, आणि प्लास्टिकच्या पन्नीत बांधून दहा-वीस रुपयांत हातात. ज्याच्याकडे पेट्रोल आहे त्याला बार, ज्याच्याकडे नाही त्याला नाला. मग एक दिवस ड्रम उलटे करतानाचे फोटो पेपरात येतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच नाल्यावर धूर निघतो. पकडला जातो तो पन्नी विकणारा. ती विकत घेणाऱ्या मजुराची बायको पुन्हा मजुरीला जाते, कारण त्याची आता तब्येत खरोखरच बिघडलेली असते आणि त्या आजाराला पाच रुपयांचं परमिट चालत नाही.

बंदी उठवा असं मी म्हणत नाही. म्हणण्याची माझी छाती नाही; आमच्या मोहल्ल्यातल्या बाया माझ्या घरावर येतील आणि त्यांचं बरोबर असेल. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहे त्यात बंदी असावी, हेही मला पटतं. मला न पटणारी गोष्ट पलीकडच्या काठावर आहे. तिकडच्या बायांनाही दुकान नको असेल तर त्यांनी काय करायचं? आधी सह्या गोळा करायच्या, मग मतदान मागायचं, मग बाटली आडवी करायची. आणि ती आडवी व्हायला मतं किती लागतात? मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त. मेलेले, पुण्याला गेलेले, दोन ठिकाणी नाव असलेले, हे सगळे उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजले जातात. राज्यातल्या किती पुढाऱ्यांना यादीतली निम्मी मतं मिळालेली आहेत? हाच नियम त्यांना लावला तर विधानसभेत बहुतेक खुर्च्या रिकाम्या राहतील. पुढारी पाडणं सोपं आणि बाटली पाडणं अवघड, इतका विश्वास आपण काचेवर टाकला आहे. कर तर थेट राज्याच्या तिजोरीत जातो. तो आष्टीच्या घशातून गेला की पलीकडच्या मोर्शीच्या, हे तिथं कुणी विचारत नाही. बंदीचं पुण्य या काठावर जमा, कराचा पैसा त्या काठावर जमा, आणि दोन्ही खाती एकाच मालकाची.

आठवतं का, २०१७ साली महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही असा दंडक लागू झाला होता? तेव्हा अधिकाऱ्यांनी टेप घेऊन रस्ते मोजले, आणि मोजमाप पुरेना तेव्हा काही रस्त्यांचा महामार्गाचा दर्जाच काढून घेतला. म्हणजे सरकारी टेप अस्तित्वात आहे. तो एकदा बंदी असलेल्या जिल्ह्याच्या हद्दीवर लावा. नदीच्या काठापासून पलीकडे काही किलोमीटर परवाना देऊ नका. नाहीतर आमच्याही बाजूच्या लोकांना आजारी पडण्याची रीतसर मुभा द्या, चालत घरी पोचण्याच्या अंतरावर. दोन्हींपैकी काहीही करा, पण दोन्ही काठांवर एकच करा.

तोवर वाचकांना एवढीच विनंती, रात्री नऊनंतर त्या पुलावरून दुचाकी घेऊन जाऊ नका. समोरून येणारा माणूस नुकताच बरा होऊन येत असतो.