१ जुलैची हिरवळ

कचेऱ्यांना पर्यावरणाचा उमाळा १ जुलैला हमखास येतो. वाशिममध्ये तर त्या दिवशी मुहूर्तांची दाटीच असते. अकोल्यातून वेगळा होऊन जिल्हा जन्मला तो १ जुलै १९९८ला. वसंतराव नाईकांची जयंती, म्हणजे कृषिदिनही तेव्हाच. राज्याची दोन कोटी झाडांची मोहीम १ जुलै २०१६ची, आणि २०२२ची देशव्यापी प्लॅस्टिकबंदीही त्याच तारखेची.

बंदीत प्लॅस्टिकचे ग्लास, चमचे गेले. पीव्हीसी बॅनरचं मात्र बरं आहे: १०० मायक्रॉनपेक्षा पातळ तेवढेच बाद. म्हणजे ‘प्लॅस्टिक टाळा’ असं जाडजूड फ्लेक्सवर, साहेबांच्या फोटोसकट, अगदी नियमात बसवून सांगता येतं!

रोपांचं लक्ष्य २०१९पर्यंत ३३ कोटींवर गेलं. पावसाला परिपत्रक पाठवायची सोय तेवढी राहिली.