दारचा माड : सातपाटीकरांसाठी सहा नियम

सातपाटीच्या बंदरावर पापलेट घेताना माणूस काय काय करतो! कल्ला उचलून रंग बघतो, पोट दाबून बघतो, भाव ऐकून दोनदा निघून जातो आणि तिसऱ्यांदा परत येतो. तोच माणूस पुढची 80 वर्षं दारात उभा राहणारा माड घेताना एकच प्रश्न विचारतो, "लवकर धरेल ना?" अशा सज्जनांसाठी हे मार्गदर्शन.

1. गाव चुकू नये. "रोपं दापोलीला मिळतील," असं कोणी म्हणालं की रत्नागिरीची एसटी पकडू नये. कृषी विद्यापीठाची दापोली तिकडे. नारळ विकास मंडळाचं बीजोत्पादन क्षेत्र असलेली दापोली आपल्याच पालघर तालुक्यात.

2. जात ठरवावी. बुटका माड 3-4 वर्षांत शहाळी देतो, पण लाड करून घेतो. बाणवली 6 ते 8 वर्षं नुसता उभा राहतो. मग वर्षाला 80 ते 100 नारळ, तेही नातवंडांच्या काळापर्यंत. 'टी×डी' हा संकर : आई उंच, बाप ठेंगणा. त्याचा नारळ रुजत घालून तसाच माड मिळेल, या भ्रमात राहू नये. पोरं कोणावर जातील, सांगता येत नाही.

3. रोपाचेही कल्ले बघावेत. वय 9 ते 12 महिने, पाच-सहा पानं, बुंधा जाड. उंच, किडकिडीत रोप दिसायला देखणं असतं. ते शेजाऱ्याला घेऊ द्यावं.

4. अंतर साडेसात मीटर. "मध्ये अजून एक बसेल की!" म्हणणारे काका प्रत्येक आळीत असतात. त्यांचं ऐकलं तर माड उन्हासाठी वर वर धावतात आणि नारळ धरायचं विसरतात. खारा वारा माडाला चालतो. बुडाशी तुंबलेलं पाणी आणि वैशाखातली तहान चालत नाही.

5. पाहुणा ओळखावा. शेणाच्या उकिरड्यात वाढलेला गेंड्या भुंगा रात्री येऊन कोवळा कोंब पोखरतो. मग नवी झावळी कात्रीने नक्षी काढल्यासारखी उघडते. शेजारी विचारतात, "नवी जात का?" हो म्हणू नये. लोखंडी आकड्याने भुंगा ओढून काढावा, कोंबाजवळच्या पानांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घालावी आणि उकिरडा लांब न्यावा.

6. मोजू नये. पोय फुटल्यापासून नारळ पिकायला वर्ष लागतं. रोज मोजल्याने मान दुखते, आकडा तोच राहतो.

अखेर सातव्या वर्षी पहिला नारळ उतरतो, तोही नेमका नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. आपण कोयता शोधत असतो. आय तो हातातून काढून घेते, "पयला दर्याला."

हिशेबाच्या वहीत लिहावं : आवक 1, जावक 1. शिल्लक, माड.